शोधाआधीचा शोध

२००१ सालच्या मे महिन्यात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याविषयी एक प्रयोग चालू होता. निरोगी माणसाच्या श्वासनलिका चिडल्या तरी आवळल्या का जात नाहीत, हे समजून घ्यायचे होते. त्यासाठी नसांकडून येणारे संदेश थोडा वेळ रोखायचे, म्हणून निरोगी स्वयंसेवकांना हेक्सामेथोनियम नावाचे औषध श्वासावाटे दिले गेले. हे औषध १९५०च्या दशकात उच्च रक्तदाबावर वापरले जाई. पुढे त्याहून चांगली औषधे आली आणि ते मागे पडले. स्वयंसेवकांमध्ये त्याच विद्यापीठात तंत्रज्ञ म्हणून काम करणारी २४ वर्षांची एक तरुणी होती. औषध घेतल्यावर तिला खोकला सुरू झाला, मग ताप आला, फुफ्फुसे निकामी होत गेली आणि २ जूनला ती दगावली. जुलैमध्ये अमेरिकी सरकारने त्या विद्यापीठातले, केंद्राच्या निधीवर चालणारे, माणसांवरचे जवळजवळ सगळे संशोधन काही दिवसांसाठी थांबवले. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या वैद्यकीय संस्थांपैकी एकीवर ही पाळी आली होती.

चौकशीत एक साधीशी गोष्ट पुढे आली. संशोधकाने आधीचे वाङ्मय पाहिले नव्हते असे नाही. त्याने पबमेड या वैद्यकीय लेखांच्या संगणकीय सूचीवर शोध घेतला होता, एक अलीकडचे प्रमाण पाठ्यपुस्तकही पाहिले होते. पण पबमेडचा पल्ला तेव्हा १९६६ पर्यंतच होता आणि हेक्सामेथोनियमने फुफ्फुसांना इजा झाल्याचे लेख १९५०च्या दशकातले होते. ते छापील सूचीत होते, ग्रंथालयाच्या कपाटात होते; पडद्यावर नव्हते. काहींनी तेव्हाही असा मुद्दा मांडला, की त्या जुन्या लेखांतले रुग्ण हे औषध दीर्घकाळ घेणारे आणि आधीच आजारी होते, त्यावरून श्वासावाटे दिलेल्या थोड्या मात्रेचा धोका कळलाच असता असे सांगता येत नाही. मुद्दा बिनबुडाचा नाही. पण ते लेख प्रयोगाला परवानगी देणाऱ्या आचारसमितीपुढे असते, तर निदान कोणीतरी प्रश्न विचारला असता, औषधाच्या सुरक्षिततेचा आणखी पुरावा मागितला असता. कागदच समोर नाही म्हटल्यावर विचारणार कोण आणि कशाबद्दल?

या प्रकरणातून बहुतेकांनी धडा घेतला तो आचारसमित्यांच्या ढिलाईचा. तोही खराच. पण वैद्यकीय ग्रंथपालांनी तेव्हा जे म्हटले ते मला जास्त मोलाचे वाटते: आधी काय माहीत आहे हे शोधणे हे स्वतंत्र कसब आहे, ते डॉक्टरीच्या पदवीबरोबर आपोआप येत नाही, आणि माणसावर प्रयोग करायचा असेल तर त्या कसबाची गरज प्रयोगाच्या आधी लागते. रुग्णालयाच्या ग्रंथालयाने संशोधनाला मदत करावी, हे कोणीही मान्य करील. वाद आहे तो मदत कधी आणि कसली, यावर. पुस्तके आणि नियतकालिके हाताशी ठेवणे ही झाली सोय. प्रश्न पक्का होण्याआधी, सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा लिहिण्याआधी, शोध घेणारा जाणकार संशोधकाच्या शेजारी बसलेला असणे हा रुग्णसुरक्षेचा भाग आहे. आपल्याकडे पहिल्या मदतीचीच बोंब असल्यामुळे दुसरीचा विचारच होत नाही.

हे कसब दिसेनासे कसे झाले, हे समजायला थोडा इतिहास लागतो. १८७९ मध्ये जॉन शॉ बिलिंग्ज या अमेरिकी लष्करी डॉक्टरने ‘इंडेक्स मेडिकस’ ही वैद्यकीय लेखांची छापील सूची सुरू केली. तिच्या जाडजूड खंडांतून लेख काढायचा तर ग्रंथपालाकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९६४ मध्ये ही नोंद संगणकावर आली, १९७१ मध्ये दूरवरून विचारता येऊ लागली, तेव्हाही प्रश्न यंत्राला समजेल अशा भाषेत मांडून द्यायला प्रशिक्षित माणूस लागे. १९९७ मध्ये पबमेड सगळ्या जगाला फुकट खुले झाले. एका रकान्यात दोन शब्द टाकायचे, की शेकडो लेख हजर. वैद्यकातल्या लोकशाहीचा याहून मोठा दिवस क्वचितच उगवला असेल. पण त्याच दिवसापासून शोध घेणे ‘येतेच’ असे सगळ्यांना वाटू लागले, कारण उत्तर कधी रिकामे येत नाही. शेकडो लेख सापडले की माणूस खूश होतो. जे सापडले नाहीत त्यांची संख्या पडद्यावर कुठेच उमटत नाही.

एक उदाहरण जरा जवळून पाहू. महाराष्ट्रातल्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या निवासी डॉक्टरने सर्पदंशावर थिसिस घ्यायचे ठरवले. विषय अगदी रास्त: २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. प्रश्नही व्यवहारातला: प्रतिविषाच्या कमी कुप्यांनी भागते का, की जास्तच द्याव्या लागतात? आता आपला डॉक्टर पबमेडमध्ये वॉर्डातल्या सवयीने ‘एएसव्ही’ असे टाकतो, कारण आपल्याकडे त्या औषधाला सगळे तेच म्हणतात, ‘अँटी स्नेक व्हेनम’. पण इंग्लंड-ऑस्ट्रेलियातले लेखक ‘अँटिव्हेनम’ लिहितात, जुने ब्रिटिश लेखक ‘अँटिव्हेनीन’, जुने अमेरिकी ‘अँटिव्हेनिन’. आणि पबमेडच्या प्रमाण विषयसंज्ञांच्या यादीत, म्हणजे ‘मेश’मध्ये, हे औषध अमेरिकी नावाखाली बसवलेले आहे. दंशाला कोणी ‘बाइट’ म्हणते, कोणी ‘एन्व्हेनोमिंग’, कोणी ‘एन्व्हेनोमेशन’. घोणस या सापाचे शास्त्रीय नाव वर्गीकरणाबरोबर बदलत आले आहे, आणि जुना लेख जुन्याच नावाने नोंदलेला असतो. नुकत्याच आलेल्या लेखावर अजून विषयसंज्ञा चढलेली नसेल, तर फक्त ‘मेश’वर विसंबणाऱ्याला तो दिसत नाही; फक्त साध्या शब्दांवर विसंबणाऱ्याला दुसरेच काही दिसत नाही. अनुभवी ग्रंथपाल ही सगळी रूपे एकत्र गुंफून, ‘किंवा’ आणि ‘आणि’ कुठे घालायचे ते ठरवून, दहा-बारा ओळींचा एक प्रश्न तयार करतो. त्या दहा-बारा ओळींत काही दिवसांचे काम असू शकते.

एवढ्यावरही भागत नाही. भारतातल्या सर्पदंशाविषयीचे पुष्कळसे लेखन भारतीय नियतकालिकांत आहे आणि ती सगळी पबमेडच्या सूचीत नाहीत. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची आग्नेय आशियाची सूची पाहावी लागते. कोणते प्रयोग सध्या चालू आहेत हे पाहायला भारताची चाचणी-नोंदवही, सीटीआरआय, आहे; ती २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून औषधचाचण्यांची नोंद तिथे सक्तीची झाली. आणि फार जुने हवे असेल तर कोलकात्याहून १८६६ ते १९५५ पर्यंत निघालेले ‘इंडियन मेडिकल गॅझेट’ आता डिजिटल रूपात फुकट वाचता येते. हेक्सामेथोनियमच्या वेळी जो पल्ला पडद्याबाहेर होता, त्यातला बराचसा भाग आज पडद्यावर आला आहे. तो तिथे आहे हे माहीत असणारा माणूस मात्र अजून प्रत्येक रुग्णालयात नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: दोन-चार लेख निसटले म्हणून काय बिघडले? महत्त्वाचे लेख तर तज्ज्ञाला ठाऊकच असतात. या आक्षेपाचे उत्तर आकड्यांत आहे आणि ते वाचून अवघडल्यासारखे होते. हृदयशस्त्रक्रियेत रक्तस्राव कमी व्हावा म्हणून ॲप्रोटिनिन हे औषध दिले तर उपयोग होतो का, यावर १९८७ ते २००२ या काळात ६४ यादृच्छिक चाचण्या प्रसिद्ध झाल्या. २००५ मध्ये काही संशोधकांनी त्या सगळ्या तारखेच्या क्रमाने मांडून बेरीज केली. उत्तर बाराव्या चाचणीलाच, म्हणजे १९९२ च्या मध्यावर, स्पष्ट झाले होते: रक्त चढवण्याची गरज कमी होते. त्यानंतरच्या पन्नासहून अधिक चाचण्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि प्रत्येकीत काही रुग्णांच्या वाट्याला उपयोगी ठरलेल्या औषधाऐवजी नुसती वाट पाहणे आले. प्रत्येक नव्या लेखाने आधीच्या चाचण्यांपैकी किती उल्लेखल्या होत्या? मध्यक २० टक्के. हे लिहिणारे कोणी शिकाऊ नव्हते, आपापल्या क्षेत्रातले तज्ज्ञच होते. हे फक्त एका औषधाचे दुर्दैवही नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात पंधराशेहून अधिक चाचण्या तपासल्या गेल्या. त्यांनीही आपल्याशी संबंधित आधीच्या चाचण्यांपैकी एक चतुर्थांशही उल्लेखल्या नव्हत्या.

ॲप्रोटिनिनच्या कथेला एक शेपूट आहे आणि खरी किंमत तिथे कळते. सारे जण ‘उपयोग होतो का’ हेच विचारत राहिले. ‘ट्रानेक्झामिक ॲसिडसारख्या स्वस्त औषधांच्या तुलनेत हे सुरक्षित आहे का’ हा पुढचा प्रश्न मोठ्या प्रमाणावर विचारला जायला आणखी कितीतरी वर्षे गेली. तो कॅनडातल्या एका मोठ्या चाचणीने विचारला, तेव्हा ॲप्रोटिनिनच्या गटात मृत्यू जास्त दिसू लागल्याने चाचणी थांबवावी लागली आणि २००७ मध्ये औषधाची विक्री स्थगित झाली. आधीचे वाङ्मय नीट मांडलेले असते, तर नेमकी पोकळी कुठे आहे हे दिसले असते. चांगल्या शोधाचा खरा उपयोग हा आहे. पुनरावृत्ती टळते ती टळतेच, पण न विचारलेला प्रश्नही सापडतो.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे. शोध महत्त्वाचा असेलही, पण तो ग्रंथपालानेच घेतल्याने फरक पडतो याला पुरावा काय? पुरावा आहे, पण त्याची मर्यादाही सांगायला हवी. १९७१ मध्ये गर्ट्रूड लॅम्ब यांनी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत ग्रंथपालांना डॉक्टरांबरोबर वॉर्डाच्या राउंडला पाठवायला सुरुवात केली. रुग्णाच्या खाटेशी प्रश्न निघाला की ग्रंथपालाने तो टिपायचा आणि वाचण्याजोगे लेख आणून द्यायचे. पुढे १९९२ मध्ये अमेरिकेतल्याच रोचेस्टरच्या पंधरा रुग्णालयांतल्या २०८ डॉक्टरांना विचारले गेले, की ग्रंथालयाने दिलेल्या माहितीमुळे उपचारात काही बदल केलात का. ८० टक्के म्हणाले, नक्की किंवा बहुधा केला. २०१३ मध्ये ११८ रुग्णालयांतल्या सोळा हजारांहून अधिक डॉक्टर आणि परिचारिकांकडून साधारण तसेच, तीन चतुर्थांशांच्या घरातले, उत्तर आले. पण हे सारे उत्तरदात्यांचे स्वतःचे म्हणणे आहे. ज्याला मदत हवी होती तोच ग्रंथालयात गेला आणि तोच फॉर्म भरून मोकळा झाला. संशोधनाच्या बाबतीत थोडा वेगळा पुरावा मिळतो: ज्या सिस्टिमॅटिक रिव्ह्यूंमध्ये, म्हणजे आधीच्या अभ्यासांच्या पद्धतशीर आढाव्यांमध्ये, ग्रंथपाल सहलेखक होते, त्यांतल्या शोधाची पद्धत अधिक चांगली नोंदलेली होती, असे २०१५ च्या एका अभ्यासात दिसले. इथेही शंका घेता येते, की मुळातच काटेकोर असलेली मंडळी ग्रंथपालाला बोलावतात. तेव्हा ‘ग्रंथपालाने जीव वाचवले’ असे मी म्हणणार नाही. मात्र शोध वाईट असला की काय होते याचा पुरावा भक्कम आहे, आणि शोध चांगला घ्यायला शिकलेला व्यवसायवर्ग एकच आहे. सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचे अमेरिकी मानदंड २०११ मध्ये ठरले, तेव्हा शोधाची आखणी प्रशिक्षित ग्रंथपालाबरोबर किंवा तत्सम माहितीतज्ज्ञाबरोबर करावी आणि दुसऱ्या स्वतंत्र जाणकाराकडून ती तपासून घ्यावी, असे स्पष्ट लिहिले गेले. शस्त्रक्रियेला भूलतज्ज्ञ हवाच, असे म्हणताना कोणी आधी त्याच्या उपयोगाची यादृच्छिक चाचणी मागत नाही.

आता आपल्याकडचे. इथे आक्षेप पैशाचा असतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जिथे औषधाच्या कुप्या संपतात तिथे शोध-ग्रंथपालाची चैन कशाला? शिवाय सरकारने मोठी तजवीज केली आहेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० ई-नियतकालिके, आणि ६,३०० हून अधिक सरकारी उच्चशिक्षण संस्था व केंद्राच्या संशोधनसंस्था. त्याआधीही दिल्लीच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचा ‘अर्मेड’ हा ई-नियतकालिकांचा समूह होता, कर्नाटकात आरोग्य विद्यापीठाचे ‘हेलिनेट’ होते, आणि आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, खर्चाने २००७ पासून कॉक्रेन लायब्ररी भारतीयांना खुली झाली होती. या सगळ्याचे स्वागतच करायला हवे. पण नियतकालिक उघडता येणे ही पुढची पायरी. कोणता लेख उघडायचा हे त्याआधी ठरते. शिवाय ही योजना शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधनसंस्थांसाठी आहे. खाजगी महाविद्यालय तिच्यात नाही, आणि उपजिल्हा रुग्णालय किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र यांपैकी काहीच नाही. सर्पदंश, विंचूदंश, कुपोषण यांवरचे अस्सल प्रश्न तर बहुतेकदा तिथेच उगवतात. आणि ६,००० कोटींच्या शेजारी जिल्ह्यामागे एका प्रशिक्षित माणसाचा पगार मांडून पाहिला, तर चैन हा शब्द कुठे वापरायचा याचा फेरविचार करावा लागेल.

याच ठिकाणी कोणी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे नाव घेईल. कोकणातल्या विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध लागू पडते, हे त्यांनी लहान गावातल्या रुग्णांवरून दाखवले. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले, आणि २०११ मध्ये ‘बीएमजे’त, प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्याने फरक पडतो का, याची यादृच्छिक चाचणी प्रसिद्ध केली. त्यांच्या दिमतीला कुठे होता ग्रंथपाल? उदाहरण खरे आहे, निष्कर्ष उलटा आहे. निरीक्षण खाटेशी होते, ते कोणतेही ग्रंथालय देऊ शकत नाही. पण लाल विंचवाच्या विषाने शरीरात कोणत्या द्रव्यांचा लोंढा सुटतो हे कळले, तरच रक्तदाबाचे एक औषध त्यावर सुचते, आणि ते ज्ञान आधी कुणीतरी कुठेतरी छापलेले असावे लागते. एक असामान्य माणूस अडचणींवर मात करून ते मिळवतो. आरोग्यव्यवस्था असामान्यांच्या जिद्दीवर बेतायची नसते. अशाच लहान गावच्या रुग्णालयातल्या सिस्टरला बेडसोअर टाळण्यासाठी रुग्णाला दोन तासांनी कुशीवर वळवावे की चार, असा प्रश्न पडला, तर तिनेही ‘लॅन्सेट’च्या वाटेवर इतकेच झिजावे अशी अपेक्षा करणे बरे नव्हे.

आपल्या ग्रंथपालांना हे काम येते का, हा आक्षेप खुद्द ग्रंथपालच खाजगीत घेतात. बहुतेकांचे शिक्षण वर्गीकरण, सूची, देवघेव आणि हल्ली सॉफ्टवेअर यांभोवती झालेले असते. ‘मेश’शी गाठ पडते ती नोकरीत, पडली तर. पण याचे कारण त्यांच्याकडून मागितले काय जाते, यातही आहे. वैद्यकीय महाविद्यालयातला पदव्युत्तर विद्यार्थी पहिल्याच वर्षी सिनॉप्सिस देतो, तेव्हा विषय बहुधा गाईडने सांगितलेला किंवा आधीच्या थिसिसवरून उचललेला असतो. मग दोन वर्षे नोंदी होतात. ‘रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’ हे प्रकरण शेवटच्या महिन्यांत, रात्रपाळीच्या फटीत, जुन्या थिसिसमधले संदर्भ पुढे ढकलत लिहिले जाते. पुष्कळ ठिकाणी विद्यार्थी कामासाठी ग्रंथपालाकडे पहिल्यांदा जातो तो वाङ्मयचौर्याच्या तपासणीचे प्रमाणपत्र घ्यायला. म्हणजे शोधाचा जाणकार आपण प्रवासाच्या शेवटी, दाराशी, तिकीट तपासायला उभा केला आहे. त्याला तीन वर्षे आधी बोलावले असते, तर चोरायची वेळच कदाचित आली नसती.

आणि आता नवा आक्षेप: हे सगळे कृत्रिम बुद्धिमत्ता करीलच की. काही भाग करील, करतेही. शब्दांची पर्यायी रूपे सुचवणे, हजार सारांश चाळून निरुपयोगी बाजूला काढणे, यांत तिची मदत मोलाची आहे. २०२२ पासून पबमेडच्या लेखांवर विषयसंज्ञा चढवण्याचे कामही मुख्यतः यंत्रच करते. पण संभाषण करणारी हीच यंत्रे अस्तित्वात नसलेले लेख, खऱ्या नियतकालिकांच्या नावानिशी, बिनदिक्कत सांगतात हेही आता सर्वांना माहीत आहे. आणि शोध तपासता आला पाहिजे, दुसऱ्याने तोच प्रश्न घातला तर तीच यादी आली पाहिजे, ही अट ती सहसा पाळत नाहीत. शिवाय मागे घेतलेल्या लेखांची भानगड वेगळीच. मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ने हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर एक मोठा लेख छापला आणि पंधरवड्याच्या आत, ४ जूनला, तो मागे घेतला गेला, कारण मूळ नोंदी तपासायला मिळेनात. असा लेख कुठल्या तरी यादीत, कुठल्या तरी यंत्राच्या पोटात राहतोच. आपल्या थिसिसच्या संदर्भांत तो आहे का, हे शेवटी कोणा माणसालाच बघावे लागते.

आयसीएमआरच्या २०१७ च्या आचारतत्त्वांनुसार आचारसमितीत सात ते पंधरा सदस्य असतात: वैद्यकशास्त्रज्ञ, उपचार करणारे डॉक्टर, कायद्याचा जाणकार, समाजशास्त्रज्ञ किंवा तत्सम कोणी, आणि एक सामान्य नागरिक. ग्रंथपालाची खुर्ची त्यात नाही, आणि ती तातडीने घालावी असा माझा आग्रहही नाही. समित्या आधीच फुगलेल्या आहेत. प्रस्तावासोबत एक पान जोडण्याची सक्ती मात्र उद्यापासून करता येईल. त्यावर कोणत्या सूची पाहिल्या, कोणत्या तारखेला, कोणत्या सालापासून पुढे, नेमके कोणते शब्द घातले, किती लेख आले, त्यांतले किती वाचले, आणि हे काम कोणी केले, एवढेच. शेवटच्या रकान्यात ग्रंथपालाची सही. ते पान भरायला विद्यार्थ्याला सिनॉप्सिस देण्याआधीच ग्रंथालयाचा जिना चढावा लागेल, आणि ‘१९६६ पासून’ अशी नोंद दिसली, तर समितीतला एखादा सदस्य विचारील, त्याआधीचे काय?